बरोबर वीस

लष्करी दवाखान्यातल्या पोरसवदा डॉक्टरनं सांगितलं होतं,
ज्याचं अंग त्याचाच पंजा,
बोटं जुळवून ठेवला की अंगाचा एक टक्का.
एवढाच हिशेब मला कळला,
बाकी कागद सगळा इंग्रजीत.

कागदावर पंधरा.
पंधराला काही मिळत नाही, वीस लागतात.
आणि खाली एक ओळ, गडहिंग्लजच्या वकिलानं वाचून दाखवलेली:
रोग नोकरीमुळं झालेला नाही, नोकरीत वाढलेलाही नाही.
मग झाला कुठं म्हणायचा?
लग्नात हळद लागली तेव्हा ह्या पाठीवर
साधा तीळ नव्हता.
नणंदांना विचारा, पाचजणी होत्या लावायला.

भरतीच्या कागदावर लिहिलंय, कातडी निरोगी.
शिक्का त्यांचाच.
पुढं बर्फात दोन हिवाळे, एकावर एक तीन मोजे,
रबरी बुटात पाय उकडलेल्या रताळ्यागत,
अंघोळ पंधरवड्यातनं एकदा.
सुट्टीवर आले तेव्हा कोपराला पहिला डाग.
मी म्हटलं, उसाचा पाला लागला असंल.
पाला लागलेलं चार दिवसांत जातं.
ह्याला सतरा वर्षं झाली.

रोज सकाळी अंथरूण झाडते.
चांदीच्या वर्खागत पापुद्रे,
चिमूट चिमूट नवरा अंगणात पडतो
आणि कोंबड्या धावत येतात, फसतात, माघारी जातात.
हसू नये. आम्ही दोघं हसतो.

सलूनवाला बजरंग ह्यांचा टॉवेल वेगळा ठेवतो.
हे दुसऱ्याला लागत नाही, दोनदा सांगून झालं.
व्हय वैनी, म्हणतो.
टॉवेल वेगळाच.

बोर्ड बसला मे महिन्यात.
मेमध्ये अंग निवलेलं असतं, ऊन मानवतं त्याला.
पौषात बोलवा की साहेब.
पौषात बोटांच्या पेरांना भेगा पडतात,
शर्टाची बटणं मी लावते,
रात्री अंधारात आवाज येतो
जसं कुणी खोबरं किसतंय.
पौषात कुणी बोलावलं नाही.

परवा रात्री बल्ब खाली ओढला,
म्हटलं, शर्ट काढा, अपील भरायचंय.
हे पालथे झोपले.
ह्यांचा हात ह्यांच्या पाठीवर पोचत नाही,
म्हणून माझाच पंजा ठेवत गेले.
पाठीवर नऊ. पोटऱ्या सहा.
मांड्या चार, पोटावर दोन,
कोपरं गुडघे मिळून दोन.
तेवीस.

मग माझा हात ह्यांच्या हाताला लावून बघितला,
चांगला एक पेर आखूड.
सरकारला फसवायचं नाही.
तीन वजा केले.
पोरीच्या वहीचं पान फाडून वर लिहिलं
हवालदार दिनकर केरबा पोवार,
खाली लिहिलं बरोबर वीस, आणि तारीख.

सकाळची एसटी धरून कोल्हापूर गाठलं,
सैनिक कल्याणचं ऑफिस.
टेबलामागं सुभेदार मगदूम, रिटायर, माणूस बरा,
आधी चहा सांगितला.
पान दोनदा वाचलं, चष्मा काढला.
वैनी, म्हणाले, बोर्ड असं कातडं मोजत नाही.
टक्का असतो तो
माणूस किती कमी झाला त्याचा.

हे काही बोलले नाहीत.
बाह्या खाली केल्या आणि बटण लावायला लागले,
ते काही लागंना.
मीच विचारलं,
मग ते मोजताना हात ठेवतात तरी कुठं?

मगदुमांनी पान परत दिलं नाही.
टाचणीनं फाईलला लावलं.
असू दे, म्हणाले, अपिलाबरोबर जाऊ दे.

परतीच्या गाडीत खिडकीशी हे, शेजारी मी.
कागल मागं पडलं तेव्हा
बाहेर बघतच म्हणाले,
मानेमागं, कॉलरखाली,
एक ऱ्हायला तुझ्याकडनं मोजायचा.